नळीतला पीळ

वाईच्या एका निवृत्त सैनिकांचं पत्र आलं. नातवाने त्यांना परदेशातली चित्रफीत दाखवली होती. त्यात एक शिकारी घरच्या टेबलावर रायफलची नळी काढतो, दुसरी बसवतो आणि तीच रायफल दुसऱ्या जातीची काडतुसं झाडू लागते. ‘आमच्या थ्री नॉट थ्रीचं असं झालं असतं का?’ असा त्यांचा प्रश्न.

झालं आहे, आणि आपल्याच देशात. पण घरी नव्हे, कारखान्यात. .३०३ हे लष्करी काडतूस, नागरिकांना बंद. म्हणून बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने थ्री नॉट थ्रीच्याच ली-एनफिल्ड यंत्रणेवर .३१५ची नळी चढवली. परवानाधारकांकडे दिसणारी ‘थ्री वन फाइव्ह’ ती हीच. १९६२च्या चीन युद्धानंतर तिथेच ली-एनफिल्ड रायफल ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी घडवली गेली. या काडतुसाचा दाब जास्त, म्हणून पोलादही अधिक मजबूत घ्यावं लागलं. मॅगझिन बदललं, त्यात दहाऐवजी बारा काडतुसं बसू लागली. ‘पाच मिनिटांत नळी बदला’ अशी जाहिरात हे सगळं झाकते. पितळी काडतूस स्फोटाच्या क्षणी फुगून वायूची वाट बंद करतं. त्याच्या मागे बोल्टचा टेकू नेमक्या अंतरावर नसेल, तर पितळ फाटून तप्त वायू नेम धरणाऱ्याच्या तोंडाकडे येतो. नळ्या बदलता येणाऱ्या रायफली मुळातच त्या मापाने घडवलेल्या असतात. आपल्याकडे तर १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे असा बदल करायलाही परवाना लागतो आणि शिकारीवरही कायद्याने बंदी आहे.

पण मला या प्रश्नात खरी गोडी वाटते ती नळीच्या आतल्या पिळाची. .३०३च्या नळीत पाच खाचा दर दहा इंचांत एक वेढा घेतात. गोळी सेकंदाला सुमारे ७४४ मीटर वेगाने सुटते. भागाकार करून पाहा: सेकंदाला सुमारे २,९०० फेरे! जाळी ओढून फेकलेला भोवरा आरेवर ताठ उभा राहतो तो फिरतो म्हणून. गती सरली की कलंडतो. लांबट गोळीलाही हवा कलंडवू पाहते आणि फिरकी तिला सावरून धरते. गोळी जितकी लांब, तितका पीळ घट्ट हवा. ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं ती रायफल .२२ची. तिची गोळी आखूड, त्यामुळे अशा नळ्यांत साधारण सोळा इंचांत एक वेढा पुरतो. म्हणजे नळी बदलताना भोकाच्या मापाबरोबर पीळही बदलतो.

फिरकीचं हे मोल ज्याने आधी ओळखलं, त्या बेंजामिन रॉबिन्सचं नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत मला कधी भेटलं नाही, याची मला फार खंत आहे. १७४२ साली या इंग्रज गणितज्ञाने तोफशास्त्रावर छोटंसं पुस्तक लिहिलं. लाकडी ठोकळ्याचा लंबक टांगून, त्यात गोळी मारून, लंबक किती हलला यावरून त्याने गोळीचा वेग काढला. काय सुंदर युक्ती! नंतर त्याने एका बंदुकीच्या नळीचं टोक डावीकडे वाकवलं आणि समोर पातळ कागदाचे पडदे ओळीने लावले. गोळी आधी डावीकडे गेली आणि पुढच्या पडद्यांतून वळत वळत उजवीकडे निघाली! नळीच्या भिंतीला घासून तिने फिरकी घेतली होती आणि हवेने तिला वळवलं. फिरकी गोलंदाजाचा चेंडू हवेत सरकतो, तोच हा परिणाम. ऑयलरसारख्या थोर गणितज्ञाने रॉबिन्सच्या पुस्तकाचं जर्मन भाषांतर केलं, पण फिरकीचं हे कारण त्याला पटलं नाही. परिणामाला नाव मिळालं ते शंभर वर्षांनंतरच्या माग्नुस या शास्त्रज्ञाचं.

पिळाची नळी ज्या देशाला नीट समजेल, तो युद्धात वरचढ ठरेल, असं रॉबिन्सने १७४७मध्येच सांगून ठेवलं होतं. पुढे ईस्ट इंडिया कंपनीने त्याला किल्ल्यांच्या कामासाठी इकडे आणलं. कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये १७५१ साली तो वारला. आणि १८५७ साली ज्या एनफिल्ड बंदुकीच्या काडतुसांवरून शिपाई उठले, तिची नळी पिळाचीच होती. काडतुसाला चरबी फासायची, ती गोळी त्या खाचांतून सहज आत सरकावी म्हणून.