मोटारीचे वंगण-तेल केव्हा बदलावे?

मोटारीच्या मालकास नित्य पडणाऱ्या प्रश्नांत अगदी साधा वाटणारा, पण ज्याचे उत्तर बहुधा चुकते असा प्रश्न म्हणजे तेल केव्हा बदलावे हा होय. गाडीबरोबर मिळणाऱ्या पुस्तिकेत त्याचे उत्तर एका ओळीत छापलेले असते. आजच्या बहुतेक पेट्रोल-मोटारींसाठी १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल ते. मालक पहिला आकडा ध्यानात ठेवतो आणि उरलेले वाक्य विसरतो. चेन्नईसारख्या शहरात या विसराळूपणाची किंमत एंजिनास मोजावी लागते. ती कशी, हे कळण्यासाठी तेल एंजिनात कोणते काम करते ते प्रथम पाहिले पाहिजे.

एंजिन चालू असताना सिलिंडरातील दट्ट्या, ज्यास गॅरेजात पिस्टन म्हणतात, मिनिटास दोन-तीन हजार वेळा वरखाली होतो, आणि त्याच वेगाने खालचा भुजादंड आपल्या बेअरिंगांत फिरतो. या धातूंच्या पृष्ठभागांमध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा पापुद्रा असतो. तो शाबूत आहे तोवर धातूस धातू जवळजवळ लागत नाही. याखेरीज तेल दट्ट्याच्या खालच्या अंगाची उष्णता वाहून नेते, काजळी आपल्यात तरंगत ठेवते आणि ज्वलनातून निर्माण होणारी अम्ले निष्प्रभ करते. ही शेवटची दोन कामे निव्वळ खनिज तेलाच्या आवाक्यातील नाहीत. चेन्नईच्या उत्तरेस मनाली येथे १९६९ मध्ये सुरू झालेला तेलशुद्धीकरण कारखाना वंगणाचे मूळ तेल तयार करतो. परंतु डब्यात भरून बाजारात येण्यापूर्वी अशा मूळ तेलात कित्येक पूरक रसायने मिसळावी लागतात. तेल ‘जुने होते’ ते मुख्यत्वे ही रसायने खर्ची पडल्यामुळे. पट्टीवरील पातळी पुरेशी असूनही तेल निकामी झालेले असू शकते ते याचमुळे.

आता ती कशाने खर्ची पडतात? एक लिटर पेट्रोल जळले म्हणजे सुमारे एक लिटर पाणी तयार होते, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. त्यातील बहुतेक सर्व पाणी वाफेच्या रूपाने धुराबरोबर बाहेर पडते. पण वायूचा थोडा अंश दट्ट्याच्या कड्यांना चुकवून खाली तेलाच्या टाकीत उतरतो. त्याच्यासमवेत पाण्याची वाफ, न जळलेले पेट्रोल आणि अम्लोत्पादक वायू हेही उतरतात. तेल चांगले तापलेले असेल तर पाणी व पेट्रोल त्यातून उडून जातात. ते तापण्यापूर्वीच एंजिन बंद केले, तर वाफेचे पाणी होऊन ते तेलातच मुरते.

चेन्नईत थंडी आहेच कोठे, अशी शंका येथे कोणी घेईल. परंतु ‘थंड’ हा शब्द एंजिनाच्या दृष्टीने घ्यावयाचा आहे. पहाटे २८ अंश सेल्सिअसवर असलेल्या तेलास आपल्या कामाच्या तापमानापर्यंत, म्हणजे सुमारे १०० अंशांपर्यंत, पोहोचावयाचे असते. फलकावरील काटा एंजिनास थंड ठेवणाऱ्या पाण्याचे तापमान दाखवितो. तेल त्याच्या मागून तापते. मैलापूरहून त्यागरायनगरास जाऊन येणाऱ्या गाडीस एका वेळी जेमतेम चार-पाच किलोमीटर जावयाचे असते. तेल पुरते तापण्यापूर्वीच ती गाडी मुक्कामी पोहोचते.

दोन गाड्या डोळ्यांपुढे आणाव्या. एक बंगळूरच्या हमरस्त्यावर धावणारी, एका दमात सुमारे ३५० किलोमीटर जाणारी. दुसरी ही मैलापूरची. १०,००० किलोमीटर पुरे होण्यास पहिलीचे एंजिन साधारण ३० वेळा सुरू करावे लागेल, दुसरीचे पाच किलोमीटरच्या फेऱ्यांनी २,००० वेळा. वेळेचाही हिशेब पाहावा. ताशी ६० किलोमीटर सरासरीने तेच अंतर सुमारे १६७ तासांत तुटते. अण्णा सालैच्या गर्दीत ताशी २० ची सरासरी पडली, तर एंजिन ५०० तास चालते. अंतर मोजणाऱ्या यंत्रास हा तिपटीचा फरक दिसत नाही. कत्तिपारा चौकाकडे सरकणाऱ्या रांगेत गाडी उभी असताना ते यंत्र स्तब्ध असते, एंजिन मात्र चालूच असते. शिवाय पुढून वारा लागत नसल्याने बॉनेटखालची उष्णता साचते. आणि तापमानात दर १० अंशांची वाढ झाली म्हणजे तेलाचे ऑक्सिडीभवन सुमारे दुप्पट वेगाने होते असा एक ढोबळ नियम आहे. म्हणजे एकच गाडी सकाळच्या फेरीत तेलास पुरते तापू देत नाही आणि सायंकाळच्या गर्दीत त्यास भाजून काढते.

पुस्तिका लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असते. म्हणूनच तिच्या मागील पानांवर, कोणी क्वचितच वाचतो अशा ठिकाणी, ‘कठीण परिस्थितीतील वापर’ असे एक कोष्टक असते. लहान फेऱ्या, गर्दी, धूळ व दीर्घकाळ उभ्या जागी चालणारे एंजिन यांचा त्यात समावेश होतो, आणि मुदत पुष्कळदा निम्मी सांगितलेली असते. चेन्नईतील दैनंदिन वापर याच सदरात मोडतो. तेव्हा केवळ शहरात फिरणाऱ्या गाडीचे तेल ५,००० किलोमीटर किंवा सहा महिने या हिशेबाने, फिल्टरासह बदलणे युक्त होय. पुस्तिकेत याहून निराळे स्पष्ट सांगितले असेल तर अर्थात तेच प्रमाण मानावे. वर्षाकाठी ३,००० किलोमीटरच चालणाऱ्या गाडीसही यातून सूट नाही. उलट हमरस्त्यावर धावणाऱ्या गाडीचे तेल तीन-तीन हजारांवर बदलणे हा अपव्यय आहे. ती सवय १९६१ पासून मद्रासेत तयार होणाऱ्या स्टँडर्ड हेराल्डच्या जमान्यातली. तेव्हाची तेले व फिल्टर यांच्या मानाने तीच योग्य होती.

तेल काळे पडले म्हणजे ते संपले, हाही एक दृढ समज आहे. वस्तुतः काजळी तळाशी बसू न देता तरंगत ठेवणे हे तेलाचे कामच असल्याने ते काळे होणारच. डिझेल एंजिनात तर थोड्याच दिवसांत होते. पट्टी पाहावयाची ती पातळीसाठी. गाडी सपाट जागी उभी करून, एंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी पट्टी पुसून पुन्हा बुडवावी. पातळी उतरली असेल तर भर घालावी. न भरता ती चढलेली दिसली व वासही पेट्रोलचा आला, तर तेल पातळ होत आहे असे समजावे. उष्ण हवेसाठी दाट तेल बरे, हा गॅरेजातील सल्लाही सरसकट मानू नये. ‘५डब्ल्यू-३०’ या खुणेतील ३० हा आकडा १०० अंशांवरील दाटपणाचा आहे, बाहेरच्या उन्हाचा नव्हे. नव्या एंजिनांतील तेलाच्या वाटा अरुंद असतात. त्यांत दाट तेल सुरुवातीस उशिरा पोहोचते.

समुद्रकाठच्या दमट हवेत ब्रेकच्या तेलाकडेही लक्ष हवे. ते हवेतील ओलावा शोषून घेते, आणि त्यामुळे त्याचा उकळणबिंदू घसरतो. दर दोन वर्षांनी ते बदलावे. मुंबई व कोकणातील वाचकांनाही हे तितकेच लागू आहे.

एक प्रसंग मात्र असा आहे की जेथे मुदत पाहावयाचीच नसते. डिसेंबर २०१५ मध्ये अड्यार नदीच्या पुराने आणि डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग वादळाच्या पावसाने चेन्नईत असंख्य मोटारी पाण्यात बुडाल्या. मुंबईने २६ जुलै २००५ रोजी हेच अनुभवले होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये अतिवृष्टीचा इशारा मिळताच वेळच्चेरीच्या रहिवाशांनी आपल्या गाड्या उड्डाणपुलावर नेऊन ओळीने उभ्या केल्या, ते या अनुभवामुळेच. पाणी ओसरल्यावर गाडी सुरू करून पाहण्याचा मोह होतो, आणि बहुधा एंजिनाचा नाश त्या क्षणी होतो, पुरात नव्हे. हवा दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरात पाणी असताना दट्ट्या वर रेटला गेला, तर त्यास भुजादंडाशी जोडणारा दांडा वाकतो. म्हणून किल्लीस हात न लावता प्रथम बॅटरी सोडवावी, गाडी ओढून गॅरेजात न्यावी आणि तेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळलेले आहे. अशा वेळी स्पार्क प्लग काढून सिलिंडर कोरडे केल्यावर नवे तेल व फिल्टर घालून एंजिन थोडा वेळ चालवितात, आणि ते नवे तेलही लगोलग काढून टाकून पुन्हा दुसरे भरतात. काढलेले तेल गटारात न ओतता जुने तेल घेणाऱ्याकडे द्यावयाचे असते, कारण चेन्नईची गटारे पुढे कूवम व अड्यार या नद्यांनाच मिळतात.