बीपीची गोळी सोसत नाही? बंद करू नका, बदलून मागा

घरातल्या एखाद्याला दोन-तीन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे. कफ नाही, ताप नाही, पण आडवं झालं की घशात खवखव सुरू होते. कफ सिरप झालं, हळदीचं दूध झालं, छातीचा एक्स-रेही नॉर्मल आला. मग कुणीतरी विचारतं, "बीपीची गोळी कोणती चालू आहे?" स्ट्रिपवर रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल असं नाव निघतं आणि कोडं सुटतं.

बऱ्याच घरांत मात्र हा प्रश्न कुणी विचारतच नाही. 'बीपीच्या गोळ्या बाधतात' असा निष्कर्ष निघतो आणि गोळी परस्पर बंद होते. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही, त्यामुळे गोळी सोडल्यावर उलट बरंच वाटतं. त्रास पुढे स्ट्रोक, हार्ट अटॅक किंवा किडनीच्या आजाराच्या रूपात समोर येतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातल्या १५ वर्षांवरच्या २४ टक्के पुरुषांचं आणि २१ टक्के महिलांचं बीपी वाढलेलं आहे किंवा त्यासाठी औषध सुरू आहे. म्हणजे सोसेल अशी गोळी कोणती, हा घरोघरचा प्रश्न आहे.

आधी गोळीचं 'आडनाव' वाचा

बीपीची गोळी हे एक औषध नाही. चार-पाच वेगवेगळे गट आहेत आणि प्रत्येकाची काम करण्याची पद्धत वेगळी, त्रासही वेगळा. ब्रँडचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव बघा. त्याचा शेवट बरंच काही सांगतो.

शेवटी 'प्रिल' असेल (रॅमिप्रिल, एनालाप्रिल), तर कोरडा खोकला होऊ शकतो. शरीरातलं एक एन्झाइम हे औषध रोखतं. रक्तवाहिन्या आवळणारं रसायन तयार करणं हे त्या एन्झाइमचं काम, पण ब्रॅडीकायनिन नावाचा पदार्थ मोडून टाकणं हेही त्याचंच काम. एन्झाइम थांबलं की बीपी उतरतं, पण ब्रॅडीकायनिन साचतं आणि घसा खवखवतो. (या गटाचा शोध ब्राझीलमधल्या एका विषारी सापाच्या विषावरून लागला, हे जाता जाता.) डोस कमी करून हा खोकला सहसा जात नाही. गट बदलावा लागतो. त्यानंतरही खोकला पूर्ण थांबायला काही आठवडे लागू शकतात.

शेवटी 'सार्टन' असेल (टेल्मिसार्टन, लोसार्टन, ओल्मेसार्टन), तर काम जवळपास तेच, पण एन्झाइमला हात न लावता. त्यामुळे खोकल्याचा त्रास फारसा नाही. साइड इफेक्टमुळे औषध सोडावं लागण्याचं प्रमाण ज्या गटांत सर्वांत कमी आढळतं, त्यात सार्टन येतात. 'सर्वांत कमी त्रास कशाचा?' याचं एका शब्दात उत्तर हवंच असेल, तर ते हे. पण गरोदरपणात प्रिल आणि सार्टन दोन्ही चालत नाहीत, बाळाला धोका असतो. किडनीचा आजार असेल तर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासत राहावं लागतं.

'लोल' म्हणजे बीटा ब्लॉकर (अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल). थकवा, हातपाय गार पडणं, नाडी मंदावणं हे त्रास यात जास्त. हृदयाचा दुसरा आजार नसेल तर आता ते सहसा पहिली निवड नसतात. ही गोळी एकदम बंद करणं विशेष धोक्याचं आहे.

लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांनी (क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड) सोडियम-पोटॅशियम घटू शकतं, युरिक अ‍ॅसिड वाढू शकतं. गाउट असलेल्यांनी हे डॉक्टरांच्या कानावर घालायलाच हवं.

पाय सुजले म्हणजे किडनी गेली?

राहिला 'डिपिन' गट. अ‍ॅम्लोडिपिन ही आपल्याकडे सर्रास दिली जाणारी गोळी. स्वस्त आहे, परिणामकारक आहे आणि सरकारी दवाखान्यातही मिळते. पण काहींचे घोटे सुजतात. संध्याकाळी चप्पल घट्ट होते आणि घरात घबराट पसरते की किडनीवर परिणाम झाला.

बहुतेकदा तसं नसतं. ही गोळी रक्त आणणाऱ्या धमन्या सैल करते, परत नेणाऱ्या शिरा मात्र तशाच राहतात. मधल्या बारीक केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि पाणी झिरपून घोट्याभोवती साचतं. शरीरात पाणी जास्त झालेलं नसतं, त्यामुळे लघवीची गोळी देऊन ही सूज फारशी उतरत नाही. तरीही ती दिली जाते. मग त्या गोळीने पोटॅशियम घटतं, त्यासाठी आणखी एक औषध येतं. एका साइड इफेक्टपायी डबा भरत जातो.

सोपे मार्ग वेगळे आहेत. ही सूज डोसावर अवलंबून असते. १० मिलिग्रॅमवर ती ५ पेक्षा बरीच जास्त दिसते. डोस कमी करून सोबत सार्टन किंवा प्रिल जोडलं तर शिराही सैल होतात आणि सूज कमी होते. सिल्निडिपिन या त्याच गटातल्या औषधाने सूज कमी येते, म्हणून काही डॉक्टर ते देतात. अर्थात सूज एकाच पायाला असेल किंवा सोबत दम लागत असेल, तर दोष गोळीवर ढकलू नका, लगेच तपासून घ्या.

दोन औषधं, पण त्रास कमी?

ऐकायला उलटं वाटतं, पण हिशेब सरळ आहे. २००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये ३५४ चाचण्यांचं विश्लेषण प्रसिद्ध झालं. डोस निम्मा केला तरी बीपी उतरवण्याचा परिणाम साधारण २० टक्क्यांनीच घटला, पण बहुतेक गटांचे साइड इफेक्ट मात्र बरेच कमी झाले. म्हणून एकाच औषधाचा डोस वाढवत नेण्यापेक्षा दोन औषधं कमी डोसात, तीही एकाच गोळीत, देण्याकडे आता कल आहे. डॉक्टरांनी 'कॉम्बिनेशन' लिहून दिलं म्हणजे आजार हाताबाहेर गेला असं नाही.

मग 'नैसर्गिक' उपाय काय वाईट?

'साइड इफेक्ट झिरो' असं सांगणारे रील्स रोज दिसतात. त्यावरचं उत्तर मुंबईतच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम वकील यांनी सर्पगंधा या वनस्पतीचा उच्च रक्तदाबावरचा परिणाम अभ्यासून १९४९ मध्ये 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये मांडला आणि या मुळीकडे जगाचं लक्ष गेलं. पुढे तिच्यातून रेसर्पिन वेगळं काढण्यात आलं. ते बीपी खरंच उतरवायचं. पण नाक चोंदणं, सुस्ती आणि काहींमध्ये नैराश्य, हे त्रासही त्याच मुळीतून आले, आणि चांगले पर्याय मिळाल्यावर त्याचा वापर मागे पडला. जे औषध शरीरात काहीतरी बदलतं, ते वनस्पतीतून आलं म्हणून निरुपद्रवी होत नाही.

मीठ कमी करणं, वजन उतरवणं, चालणं, दारू कमी करणं यांनी मात्र बीपी खरोखर उतरतं आणि गोळीचा डोसही कमी लागू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मिठाची आहे. लोणचं, पापड, फरसाणातलं मीठही त्यात धरायचं. बाजारातलं 'लो सोडियम' मीठ घेण्याआधी थांबा. त्यात बहुधा पोटॅशियम असतं. किडनीचा आजार असेल किंवा प्रिल, सार्टन सुरू असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्या.

डॉक्टरांना काय सांगायचं?

'गोळी सूट होत नाही' एवढ्यावर डॉक्टरांना फारसं कळत नाही. त्रास कोणता, गोळी सुरू केल्यावर किती दिवसांनी सुरू झाला, दिवसात कधी होतो, हे मोबाइलमध्ये लिहून ठेवा. घरी मशीन असेल तर आठवडाभराचे सकाळ-संध्याकाळचे आकडे न्या. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसा आणि अर्धा तास आधी चहा घेऊ नका. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन घेत असाल तर तेही सांगा, या पेनकिलरमुळे बीपी वाढतं. लैंगिक तक्रार असेल तर लाजू नका, त्यासाठीही गोळी बदलता येते.

एका बाबतीत मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहायची नाही. प्रिल घेणाऱ्याचे ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजला तर पुढची गोळी घेऊ नका आणि थेट हॉस्पिटल गाठा. हे क्वचित होतं, पण श्वास अडकू शकतो. अशा रुग्णाला 'प्रिल' गटातली कोणतीही गोळी पुन्हा द्यायची नसते, त्यामुळे हे फाइलवर ठळक लिहून घ्या.