पावसाचे पाणी गोदामाशी किती वेळाने येते?

नगराच्या वरच्या भागात पाऊस कोसळू लागला म्हणजे खालच्या नाल्याकाठच्या गोदामातील थप्प्या हलविण्यास आपणांस किती अवधी मिळतो? पडलेल्या पावसापैकी जे पाणी वाहून येते, त्याच्या पडण्याच्या काळाचा मध्य व नाल्यातून वाहण्याच्या काळाचा मध्य, या दोहोंतील अंतरास विलंबकाळ म्हणतात.

अमेरिकेत वॉशिंग्टननजीकच्या उत्तर व्हर्जिनियातील नाल्यांवरून डी. जी. अँडरसन यांनी १९७० साली याचे गणित प्रसिद्ध केले. नाल्याची मैलांतील लांबी घ्यावी व दर मैलास किती फूट उतार आहे त्याच्या वर्गमुळाने तिला भागावे. लांबी ८ मैल व उतार ६४ फूट असल्यास भागाकार १ येतो. एकाचा कोणताही घात एकच, म्हणून सूत्रातील केवळ गुणक उरतात व तेच तास होत. नैसर्गिक ओढ्यास ४.६४ तास, वस्ती होऊन काही भागात गटारे झाल्यावर ०.९० तास, सर्वत्र भूमिगत गटारे झाल्यावर ०.५६ तास, म्हणजे अवघी ३४ मिनिटे!

याचे कारण व्यापाऱ्यास सहज उमगेल. गाड्या कच्च्या वाटांनी मागेपुढे येतात तोवर हमाल पुरे पडतात. त्याच पक्क्या सडकेने एकाच घटकेस आल्या की पेठ तुंबते. शिवाय फरशी व डांबर यांमुळे पाणी मुरत नाही. या दोहोंमुळे पुराचा जोर दुपटीपासून जवळजवळ आठपटीपर्यंत वाढतो, असे त्यांना आढळले.

हे गुणक त्या प्रांताचे. ते आपल्या पेठेस जसेच्या तसे लावू नयेत. मात्र पाऊस ऐन भरात कधी होता व नाला सर्वांत उंच कधी चढला, या दोन वेळा प्रत्येक मोठ्या पावसात वहीत टिपाव्यात. चार-सहा नोंदींवरून आपला अंदाज आपणांसच बांधता येईल. वरच्या अंगास नवी गटारे झाली की जुन्या नोंदी बाद समजून नव्याने आरंभ करावा. वडिलांच्या वेळचा अनुभवही तेथे कामास येत नाही.

आमच्या दारचे पाणी झटकन गेले म्हणून आम्ही संतोष मानतो. पण तेच खालच्या शेजाऱ्याच्या दारी तितक्याच त्वरेने पोहोचते, याचेही भान असावे. भिजल्या धान्यात केवळ द्रव्यहानी होत नाही, जीवोत्पत्तीही होते. चातुर्मासापूर्वी पोती उंच फळ्यांवर चढविणे हे म्हणूनच व्यवहार आणि धर्म या दोहोंस धरून आहे.