जर्मनी : फाटक नाही, पण तपासनीस आहे

जर्मनीत ऊ-बान (भुयारी रेल्वे) किंवा एस-बानच्या (उपनगरी रेल्वे) स्थानकात शिरताना फाटक लागत नाही. पण म्हणून प्रवास फुकट नसतो. साध्या वेशातले तपासनीस डब्यात येतात. वैध तिकीट नसेल तर साधारण ६० युरो दंड. अनेक शहरांत छापील तिकीट नुसते काढून भागत नाही, यंत्रात घालून त्यावर वेळेचा शिक्का उमटवावा लागतो. शिकायला आलेले नवे विद्यार्थी इथेच सापडतात आणि ‘माहीत नव्हते’ ही सबब चालत नाही. पुष्कळ विद्यापीठांच्या सत्रशुल्कातच प्रवासाचा पास येतो. २०२४च्या उन्हाळी सत्रापासून अनेक ठिकाणी तो देशभर चालतो : बस, ट्राम, प्रादेशिक रेल्वे. आयसीई, आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत मात्र नाही. पास मोबाइलवर आला का, हे पाहणे पहिल्या आठवड्यातले सर्वांत निकडीचे काम.