श्रीमंताच्या जुगाराला परवाना, गरिबाच्या जुगाराला कलम!

वैरागच्या बाजारात मटक्याची चिठ्ठी घेताना एखादा मजूर सापडला, की त्याच्यावर जुगार प्रतिबंधक कायद्याचे कलम १२ (अ) लागते. कायदा १८८७ सालचा, इंग्रजी अमलातला. मजूर बार्शीच्या न्यायालयात उभा राहतो, दंड भरतो, दिवसाची मजुरी बुडवतो. तोच जुगार पणजीला मांडवी नदीतल्या वातानुकूलित जहाजावर खेळला तर त्याचे पर्यटन होते! गोव्यातही मटका गुन्हाच आहे. मग हा भेद आला कोठून?

गोवा सरकारने १९७६ च्या आपल्या जुगार कायद्यात १९९२ साली दुरुस्ती केली आणि पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे आली. १९९६ च्या दुरुस्तीने जहाजांवर पत्त्यांची टेबले मांडण्याची सोय झाली. २००१ साली अडवाणी हॉटेल समूहाचे 'कॅराव्हेला' हे कॅसिनो जहाज सुरू झाले. पैसा दिसताच जयदेव मोदी यांची डेल्टा कॉर्प, प्राइड समूह असे बडे भांडवलदार स्पर्धेत उतरले. 'कॅराव्हेला' पुढे डेल्टाच्याच ताब्यात गेले. याच डेल्टाने २०१४ साली दमणला १७६ खोल्यांचे भव्य हॉटेल सुरू केले. कॅसिनोसाठी जागाही बांधली. पण वर्षे लोटली तरी परवाना मिळाला नाही. म्हणजे या धंद्यातला हुकमाचा पत्ता टेबलावर नसतो, तो सरकारच्या सहीत असतो.

फेब्रुवारी २०२० पासून गोवा सरकारने गोवेकरांनाच कॅसिनोत खेळायला बंदी केली. आपली माणसे वाचवायची आणि शेजाऱ्यांच्या पोरांनी हरायचे, हा कसला न्याय? त्या शेजाऱ्यांत आमचा सोलापूर जिल्हाही येतो.

महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनो कायदा केला होता. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ साली शासनाने तो रद्द करण्याचा निर्णय घेतला. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो.

संविधान सभेत १९४९ साली काही सदस्यांनी राज्यसूचीतून 'पैजा व जुगार' ही नोंद वगळण्याची मागणी केली. तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्पष्ट केले, की नोंद वगळल्याने जुगार थांबणार नाही, उलट राज्ये हतबल होतील. ही नोंद बंदी घालण्यासाठीही वापरता येते. बाबासाहेबांनी राज्यांच्या हाती दिलेले हे हत्यार गरिबांवर तेवढे चालते, श्रीमंतांपुढे म्यान होते. १९५७ साली चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यवसाय-स्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. तेव्हा परवाना हा कॅसिनोवाल्यांचा हक्क नाही, ती सरकारची मेहेरबानी आहे.

तथागतांनी सिगालोवाद सुत्तात जुगाराचे सहा दोष सांगितले. जिंकणारा वैर ओढवून घेतो, हरणारा शोक करतो, धन जाते, सभेत शब्दाला किंमत राहत नाही, मित्र तुच्छ लेखतात, सोयरीक कोणी करीत नाही. यात श्रीमंतांसाठी वेगळी सवलत नाही!

आम्ही मटक्याची वकिली करीत नाही. आमचे म्हणणे एवढेच, की चिठ्ठी घेणाऱ्या मजुरावर कारवाई करून पोलिसांनी आकडा वाढवू नये. मटक्याचा मालक पकडावा. आणि समाजबांधवांनो, हातातली मजुरी आकड्यावर नव्हे, लेकरांच्या शिक्षणावर लावा. तेथे हार नाही.

जय भीम!