नाताळाच्या झाडाला वाकळीचा घेर

दिवाळीच्या आवराआवरीत मराठवाड्यातल्या घराघरांत जुन्या लुगड्यांचं गाठोडं माळ्यावरून खाली येतं. त्यातली काही बोहारणीच्या टोपलीत जातात, उरलेल्यांच्या वाकळी होतात. यंदा त्यातलं एक बऱ्यापैकी सुती लुगडं बाजूला ठेवा. दीड-दोन महिन्यांवर नाताळ आहे, आणि नाताळाच्या झाडाखाली पसरायचा गोल ‘ट्री स्कर्ट’ वाकळीइतका चांगला दुसऱ्या कशाचाच होत नाही.

जालन्याहून मंठ्याकडे जाताना परतूर तालुक्यातलं वाटूर लागतं. काळ्या रानाचा, कापसाचा हा मुलूख. इथल्या बायकांच्या हाताला वाकळीचा टाका जन्माचा ठाऊक. आणि नाताळही जालना जिल्ह्याला परका नाही. 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले रेव्हरंड नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले आणि त्यांनी शहराजवळ बेथेल ही ख्रिस्ती वस्ती उभारली. जालना तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळाला करंज्या, लाडू, चिवडा होतो, दारावर चांदणी लागते. मग झाडाखाली वाकळ का नको?

झाडाची प्रथा जर्मनीतली. 1848 साली राणी व्हिक्टोरियाच्या कुटुंबाचं झाडाभोवतीचं चित्र लंडनच्या एका साप्ताहिकात छापून आलं आणि ती इंग्लंडभर पसरली. तेव्हा फांद्यांवर खऱ्या मेणबत्त्या लावत. खाली मेण ठिबके, वाळकी पानं गळत, म्हणून बुडाशी कापड हवंच असे. 1882 मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये विजेच्या दिव्यांचं पहिलं झाड सजवलं. मेण गेलं, कापड राहिलं. आज त्याचं काम एवढंच : प्लॅस्टिकच्या झाडाचे लोखंडी पाय झाकायचे, कचरा झेलायचा आणि भेटवस्तूंना बैठक द्यायची.

आधी माप, मग कापड

झाडाची उंची विचारात घेतात, पण खरं माप खालच्या फांद्यांच्या पसाऱ्याचं. टेपनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजा आणि त्यात चार-सहा इंच वाढवा. टेबलावरच्या दोन फुटी झाडाला 18 ते 24 इंच व्यास पुरतो. चार-पाच फुटी झाडाला 36 इंच, सात फुटी झाडाला 48 ते 60 इंच लागतो.

लुगड्याचा पन्हा साधारण 45 इंच. म्हणजे 36 इंचांचा गोल जोड न देता निघतो. एका थराला एक मीटर धरला तर तीन थरांना तीन मीटर. नऊवारी आठ मीटरच्या वर असते. मधला विरलेला भाग टाकला तरी पट्ट्यांना आणि झालरीला कापड उरतं.

प्रत्येक थराचा चौकोन चार पदरी घडी घाला. घडीच्या बंद कोपऱ्यावर दोऱ्याचं एक टोक धरा, दुसऱ्याला खडू बांधा. 18 इंचांवर मोठा कंस काढा, 3 इंचांवर लहान. दोन्ही कापले की मधे 6 इंचांचं भोक असलेला गोल उलगडतो. भोकापासून कडेपर्यंत एक सरळ छेद द्या. स्कर्ट झाडाभोवती घालायचा तो इथूनच.

गोल कापडाची कड ताणली जाते आणि लाटांसारखी फुगते. म्हणून कडेला सरळ पट्टी लावू नये. कापड तिरकं कापून काढलेली उरेब पट्टी लावा, ती वळणावर सुरकुती न पडता बसते. बाहेरची कड 113 इंच, भोकाची 19, छेदाच्या दोन बाजू मिळून 30. म्हणजे सव्वाचार मीटर पट्टी हाताशी हवी. झालर हवी असेल तर तिची लांबी कडेच्या दुप्पट धरा.

आता वाकळीचं काम. तिन्ही थर जमिनीवर पसरून हातानं सारखे करायचे आणि लांब कच्चे टाके घालून घ्यायचे. मग बाहेरच्या कडेपासून धावदोरा सुरू. बोटाच्या अंतरावर एकाआत एक फेरे घेत भोकापर्यंत यायचं. सुई तिन्ही थरांतून आरपार गेली की नाही, ते डावा हात खालून चाचपत राहतो. टाके पडत गेले की कापडाला ती ओळखीची बारीक चुणी येते आणि वजनही येतं. त्या वजनामुळेच स्कर्ट फरशीवर सरकत नाही. शेवटी छेदावर तीन जोड नाड्या किंवा टिचबटणं.

विकत घेताना

पांढरा फरचा स्कर्ट दुकानात देखणा दिसतो, पण काळ्या मातीच्या गावात तो चार दिवसांत मळतो. साटीन गुळगुळीत फरशीवर घसरतं. लोकरी फेल्ट धुतल्यावर आटतं. जूटचे तंतू घरभर होतात. नायलॉन-पॉलिस्टर उष्णतेनं वितळतं, म्हणून दिव्यांच्या माळेचा अडॅप्टर त्याखाली दडपू नये. तो कुठल्याच कापडाखाली नकोच. शिवण उलटून पाहा : अस्तर आहे का, कड दुमडलेली आहे का. लाल कापडाचा कोपरा ओल्या पांढऱ्या रुमालानं चोळा. रंग उतरला तर तो स्कर्ट ठेवून द्या.

नर्सरीत ‘ख्रिसमस ट्री’ म्हणून कुंडीत मिळणारं झाड बहुधा अरोकेरिया असतं, पॅसिफिकमधल्या बेटांकडचं. त्याला पाणी लागतं. कुंडीखाली आधी खोल बशी ठेवा, स्कर्ट कुंडीभोवती सैल गुंडाळा आणि पाणी घालताना काढा. ओली वाकळ दोन दिवसांत कुबट होते.

ज्यांना शिवायला वेळ नाही त्यांनी गावातल्या बचत गटाला माप आणि लुगडं आत्ताच द्यावं. हातशिलाईला वेळ लागतो, डिसेंबरात सांगून भागत नाही. आणि 6 जानेवारीनंतर झाड उतरलं की स्कर्ट माळ्यावर टाकू नका. मराठवाड्यात थंडी तेव्हाही असते. नाड्या बांधून, मधे एक उशी ठेवली की रांगत्या पोराला बसायला तीच वाकळ होते.