व्हिडिओ खेळांतील उपकरणाधारित गैरप्रकार

व्हिडिओ खेळांच्या स्पर्धांत बाह्य उपकरणाच्या साहाय्याने प्रतिस्पर्ध्यावर अवाजवी वरचष्मा मिळविण्याचे प्रकार. खेळाच्या संगणकातच चोरटी आज्ञावली चालविण्याच्या गैरप्रकारांहून हे भिन्न होत. २०१८ मध्ये शांघाय येथील ‘काउंटर-स्ट्राइक’ स्पर्धेत ऑप्टिक इंडिया संघाच्या एका खेळाडूच्या संगणकात नेमसाहाय्यक आज्ञावली आढळून संघ बाद झाला. ती आज्ञावली संगणकातच असल्याने पकडता आली. उपकरणाधारित प्रकारांत मात्र फसवणुकीचे काम दुसऱ्या यंत्रात चालते आणि तपासणी करणाऱ्या आज्ञावलीच्या कक्षेत ते सहसा येत नाही.

सरळ स्मृतिप्रवेश : संगणकाला जोडलेली काही उपकरणे (उदा., जालपत्र, चित्रपत्र) केंद्रीय प्रक्रियकाला मध्ये न घेता मुख्य स्मृतीतून माहिती वाचू वा तीत लिहू शकतात. यास सरळ स्मृतिप्रवेश किंवा ‘डीएमए’ म्हणतात. वेगासाठी केलेल्या या सोयीचाच येथे दुरुपयोग होतो. पीसीआय एक्सप्रेस खाचेत बसविलेले, हवी तशी जुळणी करता येणारी ‘एफपीजीए’ चकती असलेले पत्र खेळाची स्मृती वाचते आणि प्रतिस्पर्ध्यांची स्थाने तारेने दुसऱ्या संगणकाकडे पाठविते. तेथे ती नकाशावर उमटतात व भिंतीआडचा शत्रूही दिसू लागतो. ओळख लपविण्यासाठी हे पत्र एखाद्या सामान्य जालपत्राचे सोंग घेते. ‘पीसीआयलीच’ ही २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली आज्ञावली मूलतः सुरक्षा-संशोधनासाठी होती. पुढे तिच्या तंत्राचा उपयोग या कामीही होऊ लागला.

निविष्टी-उपकरणे : कन्सोलवरील दांडीने नेम धरणे माउसपेक्षा कठीण असल्याने अनेक खेळांत दांडी वापरणाऱ्यास नेमसाहाय्य दिलेले असते. ‘झिम’सारखे अनुकूलक माउसचे संकेत दांडीचे म्हणून कन्सोलला पोहोचवितात, त्यामुळे माउसची अचूकता व नेमसाहाय्य हे दोन्ही लाभ एकत्र मिळतात. ‘क्रोनस झेन’ या उपकरणात लिहिलेल्या आज्ञा बंदुकीचा झटका आपोआप सावरतात. २०२३ मध्ये ‘कॉल ऑफ ड्यूटी’ व ‘रेनबो सिक्स सीज’ या खेळांच्या निर्मात्यांनी अशा उपकरणांविरुद्ध शोधयंत्रणा अमलात आणल्या.

सीमारेषेवरील प्रकार : साहाय्य कोठे संपते व गैरप्रकार कोठे सुरू होतो, हे ठरविणे नेहमी सोपे नसते. आपोआप गोळीबार करणारी कळ १९८७ च्या ‘एनईएस ॲडव्हान्टेज’ या निन्तेन्दो कंपनीच्या अधिकृत दांडीतही होती. २०२४ मध्ये रेझर कंपनीने कळफलकात ‘स्नॅप टॅप’ ही सोय आणली. परस्परविरुद्ध दिशांच्या दोन कळा एकदम दाबल्या गेल्यास शेवटची कळ ग्राह्य धरली जाते. परिणामी धावता धावता थबकून अचूक नेम धरण्याचे कौशल्य, जे एरव्ही दीर्घ सरावाने साधते, ते यंत्राकडे जाते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हॉल्व्ह कंपनीने आपल्या ‘काउंटर-स्ट्राइक २’ च्या अधिकृत सर्व्हरांवर ही सोय निषिद्ध केली.

प्रतिबंध : ‘आयओएमएमयू’ हे संगणकातील एकक कोणत्या उपकरणाने स्मृतीचा कोणता भाग वाचावा यावर बंधन घालते. मात्र ते संगणक सुरू होताक्षणीच कार्यान्वित व्हावे लागते. काही प्रमुख उत्पादकांच्या मुख्य मंडलफलकांवर ते कार्यान्वित असल्याचे दाखविले जाई, पण प्रत्यक्षात ते नीट सुरू होत नसे, असा दोष २०२५ च्या डिसेंबरमध्ये रायट गेम्स कंपनीच्या संशोधकांनी उघड केला व उत्पादकांनी सुधारित आज्ञावल्या दिल्या. याच कंपनीची ‘व्हॅनगार्ड’ ही २०२० मधील यंत्रणा संगणक सुरू होतानाच परिचालन प्रणालीच्या गाभ्यात स्थान घेते. दुसरा उपाय सर्व्हरच्या बाजूचा आहे : लपलेल्या प्रतिस्पर्ध्याचे स्थान खेळाडूच्या संगणकाकडे पाठविलेच नाही, तर चोरण्यासारखे काही उरत नाही. प्रत्यक्ष मैदानी स्पर्धांत संयोजकांचेच संगणक असल्याने स्मृतिवाचक पत्राला वाव कमी असतो; घरून खेळल्या जाणाऱ्या पात्रता फेऱ्यांत तो अधिक असतो.

या उपायांचीही किंमत असते. गाभ्यातील तपासणीमुळे खाजगी कंपनीस खेळाडूच्या संगणकावर व्यापक अधिकार मिळतो. सरसकट बंदीची झळ अपंग खेळाडूंना बसते. त्यांना खेळण्यासाठीच विशेष दांड्या व अनुकूलक लागतात. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्सवर अनधिकृत जोड-उपकरणे बंद करण्यास प्रारंभ केला, तेव्हा हा प्रश्न तीव्रतेने पुढे आला. त्याच वर्षी हांगजो येथील आशियाई क्रीडास्पर्धांत व्हिडिओ खेळांना पदकांसह स्थान मिळाले. खेळाला असा दर्जा लाभल्यावर विजय हाताचा की उपकरणाचा, हा प्रश्न करमणुकीपुरता राहत नाही. प्रामाणिक खेळाडूची उपजीविका व लौकिक त्यावर अवलंबून असतात.